वहीत आहे तेवढंच

१७ जून

बकरीदेचं जेवण फरहीनच्या घरी. जायचंच नव्हतं! पण आई मागे लागली — "पोरगी तिकडं परदेशात, तिची माय इकडं एकटीच करून राहिली. तू न्हाई गेलीस तर काय म्हणंल?" गेले. फातिमाचाचींनी दर वर्षीसारखा माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात भाजीचा पुलाव केला होता. वाढताना डोळे पुसत होत्या. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

संध्याकाळी सात वाजता फरहीनचा व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ. चाचींनी फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि चाचा, चाची, मी, तिघं त्या डब्यासमोर ओळीने बसलो. तिच्या मागे खिडकी, खिडकीमागे हिरवळ, हिरवळीवर खार. खारसुद्धा आपल्याकडच्यापेक्षा गुबगुबीत! तिच्याकडे ईद कालच झाली म्हणे. विद्यापीठाच्या मोठ्या हॉलमध्ये वीस-बावीस देशांची पोरं नमाजाला होती. अंगात तो पोपटी ड्रेस — मी हिंगोलीत दोन तास उन्हात फिरून निवडलेला. ड्रेस अमेरिकेला पोचला. मी परभणीच्या पुढे नाही.

मग म्हणाली, "मंजे, एक काम हाय. तुझ्याशिवाय कोणी करू शकत न्हाई." तिचं संशोधन सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅकवर. तो रोग पसरवते पांढरी माशी. आपल्याकडच्या तीन तुकड्यांतल्या माशीचे रोजचे आकडे तिला हवेत, सगळा हंगामभर. दोन तुकडे आमच्या शेतातले, एक चाचांचा.

हो म्हणाले. चाचा-चाची शेजारी बसलेले, नाही कशी म्हणणार? पण खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. तिला माझी गरज पडली.

२० जून

आईचा शेरा — "सोयाबीन पाहाले अमेरिकेला गेली! इकडं काय कमी होतं का?" आज पहिल्यांदा आईवर प्रेम आलं.

२३ जून

पुन्हा तेच डोक्यात. लिहून टाकते, म्हणजे निघेल.

एम.एस्सी.ला मी पहिली, ती दुसरी. पॉइंट एकतीसचा फरक. हे आता मी सोडून जगात कुणालाच आठवत नाही. परभणीत सहा वर्षं एका खोलीत राहिलो, एका वहीतून अभ्यास केला. वही माझी असायची! दोघींनी अमेरिकेतल्या एकाच प्रोफेसर मॅडमना मेल केला, एकाच दुपारी, फरहीनच्या घरी बसून. मी लिहिलं — 'रिस्पेक्टेड सर'. नावावरून बाईचं का बाप्याचं कळत नव्हतं, आणि आपल्याकडे एवढा मोठा माणूस म्हणजे सर, यात विचार कसला करायचा? फरहीनने आधी फोटो शोधून पाहिला होता. मला का नाही सांगितलं? म्हणते, "मला वाटलं तूबी पाहिला असशील."

तिला तीन दिवसांत उत्तर. मला अजून यायचंय.

त्या मेलला दोन वर्षं झाली. ती चाळीस हजार पोरांच्या विद्यापीठात. मी सेनगावच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर अकरावीला बायोलॉजी शिकवते. बेचाळीस पोरं पटावर, येतात अकरा.

१० जुलै

आजपासून मोजणी सुरू.

पद्धत मॅडमची. प्रत्येक तुकड्यात पाच जागा, प्रत्येक जागी पाच झाडं, प्रत्येक झाडाची तीन पानं — वरचं, मधलं, खालचं. पान हलवायचं नाही. देठ दोन बोटांत धरून हळूच उलटं करायचं आणि खालच्या बाजूच्या माशा मोजायच्या. ऊन तापायच्या आत, नाही तर उडतात. पेन पावसात फुटतो म्हणून पेन्सिल.

तुकडा एक आणि दोन घरामागेच. तीन नंबर चाचांचा, ओढ्यापलीकडे, पुसेगावच्या रस्त्याला. तिकडे आमच्या घरचं कुणी फिरकत नाही. चाचाही दिवसभर गाद्या भरण्यात. शेतात जातात ते जुम्म्याला.

साडेसहाला निघाले, आठला परत. गुडघ्यापर्यंत चिखल. नऊच्या जीपला तशीच बसले. जीपवाला म्हणाला, "मॅडम, शिकवाले चालल्या का निंदाले?"

१९ जुलै

रोज आठ वाजता तिचा फोन येतो. मी आकडे सांगते, ती तिकडे थेट कॉम्प्युटरात भरते. पाच मिनिटांचं काम, पाऊण तास चालतं.

मी परवा म्हटलं, "वहीचा फोटो पाठवत जाऊ का रोज?" तर चिडलीच. "काहून? तू काय परकी हाईस का तुझी वही तपासाले!"

विद्यापीठाचं ऐकवत राहते. तिथे बसला रंग आहेत, निळी बस लॅबला, तांबडी बस खोलीवर, कार्ड दाखवलं की बसा. लायब्ररी सहा मजली आणि आत खायला परवानगी. वर्गात पोरं सर शिकवत असताना सफरचंद खातात, कुणी काही बोलत नाही! मॅडमना सगळे नुसत्या नावाने हाक मारतात. फरहीनच्या तोंडून निघतच नाही, ती आपली 'मॅडम'. तर मॅडम हसतात आणि तिलाही 'मॅडम' म्हणतात. परदेशी विद्यार्थ्यांचं एक वेगळं ऑफिसच आहे. तिथली बाई तिला विचारते, झोप लागते का, जेवतेस का.

मला कोण विचारतं? मी ऐकते, हसते, "हो का!" म्हणते. फोन ठेवला की दिवसभर तोंडात काहीतरी कडू राहतं.

२८ जुलै

तीन नंबरात एका पानाखाली एकवीस! फोनवर दोघी ओरडलो. बापाचं काळीज ते, दादा बाहेरून धावत आले — "काय झालं? विंचू चावला का?"

४ ऑगस्ट

एक विचित्र गोष्ट. मोजताना मला राग येत नाही. तिथे वाकून बसले की मी जणू त्या विद्यापीठातच असते. मॅडमची पद्धत, मॅडमचे तक्ते, आणि माझी बोटं. वही इतकी सुंदर झाली आहे की कुणाला तरी दाखवावीशी वाटते. एक खाडाखोड नाही.

दादांना दाखवली. चष्मा लावून पाच मिनिटं बघत होते. मग म्हणाले, "माश्यायचा एवढा हिशेब! आन् पिवळं पडलं तं पडलंच ना शेवटी?" पण वही परत देताना आधी हात धोतराला पुसला.

११ ऑगस्ट

आज नाही गेले शेतात. आता जाणारही नाही.

काल रात्री झोपायच्या आधी तिचं स्टेटस पाहिलं. कुठल्याशा परिषदेत उभी आहे, शेजारी तिच्याहून उंच पोस्टर, गळ्यात फितीला लटकवलेलं ओळखपत्र, आणि ते हसू! खाली लिहिलंय — 'ड्रीम'. बोटांनी मोठा करून पोस्टर वाचला. आकडे माझे. आलेख माझ्या आकड्यांचा. आणि उजव्या कोपऱ्यात फोटो — माझा! जुलैत मीच पाठवला होता तिला, गंमत म्हणून. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पाय चिखलात, हातात वही. फोटोखाली इंग्रजीत बारीक अक्षरात: स्थानिक शेतकरी महिला, माशी मोजताना.

स्थानिक शेतकरी महिला!

शेतकरी म्हणायची लाज नाही, दादा शेतकरी आहेत, मीही आहे. पण तिला माझं नाव माहीत नाही का? सहा वर्षं एका खोलीत! माझी वही उघडून पास झाली ती!

विचारलं असतं तर तिने काहीतरी कारण दिलं असतं. मॅडमनी लिहिलं, सगळ्यांच्याच फोटोखाली तसं आहे, जागा कमी होती. मग मला रागावता आलं नसतं. म्हणून विचारलं नाही. सकाळी फोन आला तेव्हा म्हणाले, "वा! काय दिसत होतीस!" आणि आकडे सांगितले. खाटेवर बसून, चहा पीत पीत, मनाने.

तिने भरले.

१२ ऑगस्ट

आजही.

किती सोपं आहे! कालच्यात दोन मिळवायचे, एखाद्या जागी तीन वजा करायचे. पाऊस झाला तर थोडे उतरवायचे. सहा वर्षं हेच शिकले, माशी कशी वागते मला ठाऊक आहे. माशीपेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

दादा: "काहून गं, रानात न्हाई आज?"

"झालं दादा ते काम."

२१ ऑगस्ट

तिचं दुसरं वर्ष सुरू झालं. आता ती पहिल्या वर्षाच्या पोरांना प्रॅक्टिकल शिकवणार. गोऱ्या पोरांना! वर्गाचा फोटो पाठवला. पांढऱ्या कोटात ती मध्ये उभी, भोवती वीस जण, सगळ्यांच्या हातात सोयाबीनचं एकेक रोप. मी आज अकरावीला पानाची रचना शिकवली. समोर सात जण. एक झोपलेला.

चांगलं होऊ नये तिचं, असं मी कधी म्हणत नाही. फक्त इतकं चांगलं होऊ नये. थोडं अडावं कुठेतरी. एकदा तरी तिने फोनवर म्हणावं, मंजे, माझं चुकलं.

२ सप्टेंबर

पोळा. दोन दिवस नुसता पाऊस. ओढ्याला पूर. बैल गोठ्यातच सजवले.

आकडे सांगितले. "एवढ्या पावसात गेलीस?" म्हणाली. "धन्य हाईस बाई!" मी म्हटलं, "मग!"

८ सप्टेंबर

आज तिचा आवाजच वेगळा. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की भारताकडून आलेले आकडे साऱ्या प्रकल्पात सगळ्यात चांगले आहेत. ऑगस्टनंतरचे तर फारच! इतके स्वच्छ आकडे शेतातून येत नाहीत म्हणे. फरहीनला डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेला पाठवणार आहेत.

माझ्या थापांवर ती विमानात बसणार. थापासुद्धा तिलाच फळतात!

ती पुढे म्हणाली, "मी मॅडमला तुझं सांगून राहिले बरं का. लय सांगते." हो, सांगत असशील. स्थानिक महिला फार कष्टाळू आहे म्हणून.

११ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचं जेवण. चाचा-चाची दर वर्षी येतात, यंदाही आले. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील. चाचा अंगणातल्या बाजेवर दादांशेजारी बसले होते. मी ताक द्यायला गेले तेव्हा बोलणं पिकांचं चाललं होतं.

चाचा सहज म्हणाले, "आपलं तं गेलं यंदा, तातेराव. पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी रोह्यायचा कळप शिरला, दोन दिसात सफाचट! काडी न्हाई ठेवली. मंग म्या वखर मारून मोकळा झालो."

रोही म्हणजे नीलगाय, केवढं जनावर, दहा-बारा शिरली तर एकराचं काय उरणार! दादा हळहळले. मी ताकाचे पेले बाजेवर ठेवले.

चाचा माझ्याकडे वळले. "फरहीनला बोलू नको बेटा. तिकडं पोरगी एकटी, तिले काहून तकलीफ? तिनं विचारलं तं सब ठीक हाय म्हणतो म्या. तुला तं काय सांगाचं, तू रोजच पाहून राहिली."

"हो चाचा," म्हणाले.

तीन आठवडे! तीन आठवडे मी त्या तुकड्यातल्या पंचाहत्तर पानांवरच्या माशा सांगत होते. परवाच म्हणाले, तीन नंबरात वाढल्या गं.

१२ सप्टेंबर

ओढा ओलांडून गेले. महिन्याने. काळी माती, वखराच्या रेघा, बांधावर दोन-चार रोपं उभी. मी तिथे वही काढली. का काढली कोण जाणे. परत ठेवली.

फोनवर सांगितलं, आता शेंगा भरत आल्या, मोजून फारसा उपयोग नाही, थांबू या. तिला म्हणायचं होतं की फरहीन, ऐक. जिभेवर आलं होतं. पण ती म्हणाली, "तू म्हणतीस तं थांबू." लगेच! एक प्रश्न नाही! इतका विश्वास ठेवायला ही कोण लागून गेली? असा विश्वास मोठी माणसं लहानांवर ठेवतात. उपकार केल्यासारखा.

नाही सांगितलं.

२४ सप्टेंबर

आज बऱ्याच दिवसांनी फोन. आवाज घाईचा.

"मंजे, मॅडमच्या हाताखालच्या एका पोरानं उपग्रहाचे फोटो काढून पाहिले. तीन नंबरचा तुकडा ऑगस्टच्या शेवटी उघडा दिसून राहिला म्हणतो. नुसती माती. मी अब्बाला विचारलं, अब्बा म्हणले सगळं ब्येस हाय. तू बराबर मोजलंस ना?"



"व्हय," म्हणाले.

"मंग त्यानं दुसऱ्याचंच शेत पाहिलं असंल. येडा हाय तो. मी सांगते मॅडमला, मंजूनं मोजलं म्हणजे मोजलं."

२६ सप्टेंबर

मॅडमचा मेल. मला! पत्त्यात माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

मूळ वहीच्या सगळ्या पानांचे फोटो मागितलेत, आहेत तसे. आणि एक गोष्ट आज कळली. फरहीनने दर आठवड्याला मूळ वही पाहून 'तपासली' अशी खूण करायची, असा लॅबचा नियम होता. तिने दर आठवड्याला खूण केली आहे. एकदाही वही न पाहता.

परकी नाही ना मी.

२७ सप्टेंबर

कॉलेजला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

वहीत दहा ऑगस्टपर्यंतचं आहे. पुढची पानं कोरी. घरात पेन्सिल आहे, अंगणात चिखल आहे. एका दुपारीत महिन्याभराची पानं भरता येतील आणि अंगठ्याचे डागही पाडता येतील. पण तीन नंबरचं काय करणार? वरून फोटो काढलेत त्यांनी.

किंवा खरं लिहायचं. मॅडम, मी मनाने आकडे सांगितले. मग मी संपले. फरहीन कदाचित वाचेल, कदाचित नाही.

किंवा वही आहे तशी पाठवायची. त्यात एक अक्षर खोटं नाही. दहा ऑगस्टपर्यंत मी मोजलं, ते आहे. नंतर नाही मोजलं, ते नाही. आकडे फोनवर सांगायचे, त्यामुळे लेखी कुठेच काही नाही. मॅडम कोरी पानं बघतील, फरहीनच्या कॉम्प्युटरातले भरलेले रकाने बघतील, आणि काय समजायचं ते समजतील.

मला हे कळतंय. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी 'मला कळलंच नव्हतं' असं म्हणता येणार नाही.

२८ सप्टेंबर

पाठवली. बत्तीस पानं भरलेली, बाकी कोरी — कोऱ्यांचेही फोटो काढले. खाली एकच ओळ: ही माझी मूळ वही. वर 'डिअर प्रोफेसर'.

वहीत आहे तेवढंच पाठवलं.

३० सप्टेंबर

सात मिस्ड कॉल.

१ ऑक्टोबर

तिचा मेसेज. एकच शब्द — "मंजे?"

वाचल्याच्या निळ्या खुणा तिला दिसल्या असणार. पुढे काहीच नाही आलं. दिवसभर फोन उलटा ठेवला आणि दर दहा मिनिटांनी सुलटा केला.

५ ऑक्टोबर

सोयाबीन काढणी सुरू. दादांबरोबर दिवसभर विळा. हातांना फोड. बरं वाटलं फोड आल्याचं.

स्टेटस नाही तिचं. आठवडा झाला. पूर्वी रोजच्या रोज असायचं आणि मी रोजच्या रोज जळायचे. आता नाही तर त्यानेही चैन पडत नाही!

९ ऑक्टोबर

चाचा आले. भर दुपारी, दुकान बंद करून. चाचा दुकान बंद करून कधी येत नाहीत.

फरहीन परत येणार आहे. लॅबमधून काढलं. लॅब गेली की तिथलं शिक्षण गेलं, शिक्षण गेलं की व्हिसा. महिनाभरात निघायचं.

"आकड्यायचं काई तं झालं म्हणे. आठ-दहा मोठे लोक बसले होते, त्यायनं विचारलं. पोरगी म्हणली, माझेच हातचे हाय, मीच जबाबदार." चाचा जमिनीकडे बघत होते. "म्या म्हणलं, दुसऱ्या कुणाचं असंल तं नाव सांग ना बेटा. तं म्हणली, अब्बा, दुसरं कोणी न्हाई."

मग माझ्याकडे बघितलं. "माझी पोरगी असं करंल का, मंजू? तू सांग. लहानपणापासून एका ताटात जेवल्या तुमी."

मी म्हणाले, "चहा टाकते चाचा."

स्वयंपाकघरात उभी राहिले. दूध उतू जाईपर्यंत.

१० ऑक्टोबर

हेच हवं होतं ना? वर्षभर हेच मागत होते. कुठेतरी अडावं, परत यावं, माझ्यासारखं व्हावं. आलं की सगळं! मग आता झोप का लागत नाही?

ती नाव सांगू शकत होती. एका वाक्याचं काम होतं. नाही सांगितलं. यातही तीच मोठी ठरली. तिथेही पहिला नंबर तिचा!

अजूनही जळतेय मी. हे वाचून कुणी थुंकावं माझ्यावर.

१५ ऑक्टोबर

मॅडमचा मेल आला.

तीन वेळा वाचला. मग दार लावून चौथ्यांदा. लिहितात, तुमच्या वहीइतकी काळजीपूर्वक मोजणी या प्रकल्पात कुणीच केली नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, जे मोजलं नाही ते तुम्ही लिहिलं नाही. संशोधनात हेच सगळ्यात अवघड असतं. जानेवारीपासून लॅबमध्ये एक जागा आहे. अर्ज कराल का? शुक्रवारपर्यंत कळवा.

शेवटी लिहिलंय: फरहीनने पहिल्या दिवसापासून तुमचं नाव सुचवलं होतं. वर्गात तुम्ही पहिल्या होता, ती दुसरी, हे तिने मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. पोस्टरवर तुमचं नाव नव्हतं म्हणून ती माझ्याशी भांडली होती.

१६ ऑक्टोबर

दोन उत्तरं लिहून ठेवली आहेत. एक नऊ ओळींचं, खरं. एक दोन ओळींचं, होकाराचं.

१७ ऑक्टोबर

दादांना विचारावं वाटलं. गोठ्यात गेले. ते वैरण टाकत होते. "काय गं?" म्हणाले. "काही नाही," म्हणाले. फातिमाचाचींकडे जाऊन पाय धरावेत असंही वाटलं. चपला घातल्या, काढल्या.

नऊ ओळींचं उत्तर पुन्हा वाचलं. एकही चूक नाही त्यात.

१८ ऑक्टोबर

शुक्रवार. एक पाठवलं. दुसरं पुसून टाकलं.

६ नोव्हेंबर

फरहीन आली. हिंगोलीला घ्यायला चाचांबरोबर मीही गेले, त्यांनीच बोलावलं. वाळली आहे. जीपमध्ये आमच्या दोघींमध्ये तिची बॅग होती. घरी आल्यावर सगळ्यांत आधी तिने ती बॅग उघडली, जाड काळा कोट काढला, टोपीवाला, आणि माझ्यासमोर धरला. म्हणाली, "मॅडमनं सांगितलं, तू चालली म्हणून. घेऊन जा. जानेवारीत तिथं लय थंडी राहते."

घेतला. घालून पाहिला. बराबर बसला.